चौसष्ट मुलं, चौसष्ट प्रश्नपत्रिका

माझं काम दुसऱ्यांचं गणित नीट मांडायचं. आमच्या ऑफिसात परदेशी मासिकांचे लेख येतात. लेखक ते लाटेकमध्ये लिहितात, म्हणजे पानावर काय दिसायला हवं ते साध्या अक्षरांत आज्ञा देऊन सांगतात. ती फाईल चालवली की अपूर्णांक, वर्गमुळं, बेरजेची मोठी चिन्हं आपापल्या जागी बसतात आणि स्वच्छ पान तयार होतं. समासाबाहेर गेलेल्या ओळी मी आत घेते, समीकरणांचे क्रमांक जुळवते, स्वल्पविराम बघते. गणित बरोबर आहे का, हे मला कुणी विचारत नाही. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलीला याचं वाईट वाटायला हवं, पण मला ते सोयीचं होतं. कुणी विचारलं नाही की बोलावं लागत नाही.

एकदा एक लेख आला. त्यात जिथे उत्तर असायला हवं तिथे दोन ठळक प्रश्नचिन्हं होती. ‘म्हणून या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ?? येतो.’ पुढच्या ओळीत, ‘आणि त्याचे अवयव ?? असे पडतात.’ अशी एकतीस ठिकाणं. मला वाटलं, लेखकाला उत्तरं अजून सापडलेली नाहीत. ऑफिसच्या ठरलेल्या नम्र भाषेत मी त्यांना लिहिलं: कृपया खालील एकतीस किमती कळवाव्यात.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. किमती कळवायच्या नसतात, त्या आपोआप येतात, तुम्ही मधली पायरी गाळली आहे. शेवटी एक हसरा चेहरा. तो चेहरा मला दुपारपर्यंत टोचत राहिला.

मधली पायरी अशी. लेखात उत्तराच्या जागी उत्तर लिहायचंच नाही, तिथे ‘हे गणित कर’ एवढंच लिहायचं. लाटेक पहिल्यांदा चालवलं की ते अशी सगळी न सुटलेली गणितं एका वेगळ्या फाईलीत गोळा करतं आणि पानावर त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवतं. मग ती फाईल बीजगणित करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायची. तो कंस सोडवतो, अवयव पाडतो, उत्तरं लिहून ठेवतो. मग लाटेक पुन्हा चालवायचं. या वेळी प्रत्येक प्रश्नचिन्ह उठून जातं आणि त्या जागी उत्तर येऊन बसतं.

मी जेवणाच्या सुट्टीत ते करून पाहिलं. एकतीसच्या एकतीस जागा भरल्या. मग मी मॅट्रिक्समधला एक आकडा मुद्दाम बदलला, पाचाचा सहा केला, आणि तिन्ही पायऱ्या पुन्हा केल्या. लेखभर उत्तरं बदलली. कुणी खोडलं नाही, कुणी टाइप केलं नाही. वाक्यं तीच, पण त्यांच्या आत नवी उत्तरं. मग सहाचा उणे सहा केला. मग दहा लाख केला. पान जरासुद्धा न कुरकुरता मोठमोठे आकडे दाखवत होतं. डबा तसाच राहिला. माझे पाय टेबलाखाली आपले आपण हलत होते.

‘काय झालं, लग्न ठरलं का?’ शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारलं.

‘नाही. डिटरमिनंट,’ मी म्हटलं.

ती अजूनही मला अधूनमधून विचारते, तो डिटरमिनंट काय म्हणतो, घरी पसंत आहे का.

लेख दुरुस्त करून परत गेला, पण मी त्या खेळातून बाहेर आले नाही. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी तासभर लॅपटॉप उघडून मी कसलीही गणितं पानात पेरत बसे. आई चहा घेऊन यायची आणि पडद्याकडे बघायची. तिला वाटायचं, मी ऑफिसचं काम घरी आणते आणि ऑफिस माझी पिळवणूक करतं. मी तिला एकदा आकडा बदलून दाखवला. ती म्हणाली, ‘अगंबाई, भाजीच्या यादीला चालेल का हे?’

आम्ही म्हैसूरला, बोगादी भागात राहतो. बाबांना इथे नोकरी लागली तेव्हा मी तीन वर्षांची होते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, आणि मी तिन्हींत कमी बोलते. आईचं उलट आहे. ती मराठी मंडळाच्या प्रत्येक बैठकीला जाते. मंडळात दोन तऱ्हेची माणसं आहेत: आमच्यासारखी, नोकरीच्या मागे पुण्या-नाशिकहून आलेली, आणि ज्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत होते ती. ती पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. त्यांची मराठी चालता चालता कन्नड होते आणि परत मराठी होते, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

सर त्या जुन्या घरांपैकी एकातले. मंडी मोहल्ल्यात राहणारे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, वय ऐंशीच्या आसपास. आमच्यासारख्यांना मंडळ माहीतही नव्हतं तेव्हापासून ते दर वर्षी एका रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांची परीक्षा घेत आले होते. एक तास, दहा समीकरणं. प्रत्येकात एक्स काढायचा, बाकी काही नाही. पहिल्या तिघांना स्टीलचे डबे, सगळ्यांना जेवण.

गेल्या खेपेच्या परीक्षेत घोळ झाला होता. अकरा मुलांना सारखेच मार्क मिळाले, आणि सातव्या प्रश्नात अकराही जणांची चूक एकच होती, शाईच्या डागासकट म्हणावी इतकी एक. हॉलमध्ये बाकं नाहीत. मुलं जमखान्यावर मांडीला मांडी लावून बसतात, त्यामुळे न बघायचं ठरवलं तरी दिसतंच. पालकांनी तक्रार केली. सेक्रेटरी काका, म्हणजे बोगादीलाच आमच्या मागच्या गल्लीत राहणारे आणि एका कंपनीत माणसं निवडायचं काम करणारे गृहस्थ, बैठकीत म्हणाले की पुन्हा एक जरी तक्रार आली तरी ही परीक्षा बंद, आणि तो रविवार व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला.

‘सर काय म्हणाले?’ मी आईला विचारलं.

‘काही नाही गं. खिशातलं पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. मला बघवेना. म्हणून मी सांगून टाकलं, आमची मुलगी कॉम्प्युटरवर गणितं करते, ती बघेल काहीतरी.’

‘आई, मी गणितं करत नाही. मी स्वल्पविराम बघते.’

‘तेच ते. रविवारी चारला जायचंय.’

सरांच्या घरी मी पहिली दहा मिनिटं फक्त मान हलवली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्टीलच्या लोट्यातून कॉफी दिली. सर त्यांच्या वहीतली समीकरणं दाखवत होते. दर वर्षी नवी दहा, सुरेख अक्षरात. मला त्यांची पद्धत तेव्हा कळली. ते आधी उत्तर ठरवायचे आणि मग त्यावरून प्रश्न बनवायचे. तीन आणि उणे पाच ही उत्तरं हवी असतील तर एक्स उणे तीन, एक्स अधिक पाच, दोघांचा गुणाकार, झाला प्रश्न.

‘उत्तर गुळगुळीत यायला पाहिजे,’ ते म्हणाले. ‘दोन तासाचा लेक्क नको. मुलाला उत्तर आलं म्हणजे त्याला तिथंच कळायला पाहिजे, आलं म्हणून. अल्वा, हो ना?’ लेक्क म्हणजे गणित, एवढं कन्नड मला येतं.

आणि मग मी बोलले. कसं कोण जाणे. मी म्हटलं, ‘सर, असं असेल तर प्रत्येक मुलाला वेगळा पेपर देता येईल.’

‘पासष्ट मुलं येतात कणम्मा. माझा हात राहील काय?’

मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या पद्धतीच्या चार ओळी लिहिल्या: उणे नऊ ते नऊमधले कुठलेही दोन आकडे उचल, त्यांचे कंस गुण, गुणाकार प्रश्नाच्या जागी ठेव, आकडे उत्तराच्या पानावर ठेव. हे पाच वेळा कर. पहिल्यांदा लाटेक चालवलं आणि प्रश्नचिन्हं आली. सर म्हणाले, ‘हे काय, ह्याला पण येत नाही की.’ मी प्रोग्रॅम चालवला, परत लाटेक चालवलं. पाच पानांवर पाच वेगळी समीकरणं उभी राहिली, समासात, ‘बरोबर’ची चिन्हं एका रेषेत.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग पहिल्या समीकरणाचे तोंडी अवयव पाडले आणि उत्तराच्या पानाशी ताडून बघितले. मग दुसऱ्याचे. पाचही झाल्यावर ते काकूंना म्हणाले, ‘ए, इकडे ये. नोड, बघ हे. पुन्हा कर म्हणून सांग तिला.’

मी पुन्हा केलं. पाच नवी आली.

‘पुन्हा.’

त्या दिवशी आम्ही ते किती वेळा केलं, मला सांगता येणार नाही. काकूंनी दोनदा कॉफी केली आणि तिसऱ्यांदा नुसत्या येऊन बसल्या. सर दर वेळी नव्या पानांवर झडप घालायचे आणि तोंडी सोडवायचे, आणि मी कळ दाबताना हसू दाबायचे. ऐंशीच्या माणसाला असं आधाशासारखं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी तिथे गेले. यंत्राला सरांची शिस्त लावायची होती. एकदा शून्य हे उत्तर आलं तर सर म्हणाले, ‘अय्यो, बेडा, नको. मुलांना शून्य दिलं की ती दोन्ही बाजूला एक्सनं भागून टाकतात, आणि एक उत्तर हरवतं.’ मी शून्य काढून टाकलं. मग एका पानावर चार आणि चार अशी दोन सारखी उत्तरं आली. ‘हे पण नको. ते म्हणतील, एकच आहे, मग मार्क कशाला दोन.’ मी लिहिलं, दोन आकडे वेगळे असू देत. मग एकाच मुलाला पाच अवघड आणि दुसऱ्याला पाच सोपे, असं व्हायला लागलं. तेव्हा प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी हद्द ठरवली. पहिल्यात लहान आकडे, दहाव्यात मोठे. चौसष्ट नावं आली होती. चौसष्ट प्रश्नपत्रिका, एक ते चौसष्ट क्रमांकांच्या, आणि मागे त्याच क्रमांकांची चौसष्ट उत्तरं. सगळं एका फाईलीत.

गुरुवारी मी प्रश्नपत्रिकांची पानं ऑफिसजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणली आणि सरांना नेऊन दिली. ते खूश झाले, पण उत्तरांबद्दल त्यांना एक सुचलं. नुसती उत्तरं नकोत, शेजारी अवयवही हवेत, म्हणजे मुलाची अर्धी पायरी बरोबर असेल तर अर्धा मार्क देता येईल. हे माझ्या हातचं होतं. शुक्रवारी सकाळी मी उत्तरांच्या भागात एक ओळ घातली, तिन्ही पायऱ्या केल्या, पेन ड्राइव्हवर जुन्या फाईलीच्या जागी नवी ठेवली आणि उत्तरांची पानं छापली. कंस इतके सुंदर बसले होते की मी दुकानातच उभी राहून दोन पानं वाचली.

रविवारी हॉल भरला. जुन्या घरांतली मुलं मला अक्का म्हणत होती आणि आमच्याकडची ताई. दोन्ही हाकांना मी सारखीच दचकत होते. सेक्रेटरी काका दारात उभे होते. त्यांची स्वतःची मुलगी नववीत होती आणि तिसऱ्या ओळीत बसली होती. सरांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘सरी, चला. लिहा.’

पहिली पाच मिनिटं शांतता. मग माना वळायला लागल्या, नेहमीच्या सवयीने, हळूच. आणि वळलेल्या माना तशाच राहायला लागल्या. एक मुलगा शेजाऱ्याच्या कागदाकडे बघायचा, स्वतःच्या कागदाकडे बघायचा, परत शेजाऱ्याच्या. कपाळावर आठ्या. दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला.

‘ताई, माझा पेपर चुकीचा छापलाय.’

‘का गं?’

‘हिचा बरोबर आहे. माझा वेगळाच आहे.’

‘तुला कसं कळलं, हिचा काय आहे ते?’

तिने विचार केला आणि हात खाली घेतला.

मी स्टेजच्या पडद्यामागे जाऊन हसले. पाचेक मिनिटांत बातमी सगळ्या जमखान्यावर पसरली की कुणाचंच कुणाशी जुळत नाही. एका कोपऱ्यात कुजबुज झाली, ‘अरे, उत्तर सांगू नको, मधल्या टर्मचं काय करायचं ते सांग.’ मी सरांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ‘ते कॉपी नव्हे,’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘ते शिकवणं झालं. सुम्ने राहा, गप्प.’

तास संपला. मुलं अंगणात गेली, आणि आम्ही टेबलाशी बसलो. सर, मी, आणि सरांचा एक जुना विद्यार्थी, जो आता स्वतः शाळेत शिकवतो. जेवणाआधी निकाल लावायचा होता. सेक्रेटरी काका बक्षिसाचे डबे मोजून ठेवत होते आणि अजून एकही तक्रार आली नाही याचं त्यांना बरं वाटतं आहे की वाईट, ते कळत नव्हतं.

सरांनी छापील उत्तरं शेजारी ठेवली आणि लाल पेन उघडलं. पहिल्या पेपरवर पहिल्या प्रश्नाला फुली. दुसऱ्याला फुली. दहाच्या दहा फुल्या. त्यांनी दुसरा पेपर ओढला. दहा फुल्या. तिसरा सरांच्या शनिवारच्या शिकवणीला येणाऱ्या मुलाचा होता, त्यांचा आवडता. दहा फुल्या. चौथ्या पेपरला त्यांचं पेन संथ झालं.

‘ह्या वर्षी कुणाला काही येत नाही,’ ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. ‘कॉपी बंद केली आणि आत काही नाही, असं दिसते. म्हणजे इतकी वर्षं नुसती कॉपीच होती की काय.’

त्यांचा आवाज अगदी साधा होता. सेक्रेटरी काकांनी डब्यांवरून मान वर केली. मला वाटलं, आता ते म्हणतील, परीक्षा बंद. ते जवळ आले.

मी त्या आवडत्या मुलाचा पेपर उचलला. पहिला प्रश्न: एक्सचा वर्ग, अधिक दोन एक्स, उणे पंधरा. त्याचं उत्तर तीन आणि उणे पाच. माझ्या छापील पानावर दोन आणि सात. मी तीन घालून बघितले. नऊ, अधिक सहा, उणे पंधरा. शून्य. उणे पाच घातले. पंचवीस, उणे दहा, उणे पंधरा. शून्य. मुलगा बरोबर होता.

मग मला आठवलं. शुक्रवार सकाळ. मी फाईल पुन्हा चालवली होती. आणि पुन्हा चालवली की यंत्र पुन्हा आकडे उचलतं. तेच तर बघत आम्ही इतके रविवार घालवले होते. प्रश्न गुरुवारच्या आकड्यांचे होते, उत्तरं शुक्रवारच्या. माझ्या हातात चौसष्ट अशा प्रश्नपत्रिकांची उत्तरं होती ज्या कधी छापल्याच गेल्या नाहीत. गुरुवारची फाईल मी स्वतः पुसून टाकली होती.

हे सांगायला मला किती वेळ लागला असेल? त्या जुन्या विद्यार्थ्याने आणखी एक पेपर फुल्यांनी भरला, एवढा. मग मी म्हटलं, ‘सर, थांबा. मुलं बरोबर आहेत. माझी पानं चुकली.’ आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, ती एक ओळ, पेन ड्राइव्ह, सगळं. सेक्रेटरी काका ऐकत होते. मी टेबलाच्या कडेकडे बघून बोलत होते.

‘म्हणजे पोरं बरोबर?’ सर म्हणाले.

‘सगळी नसतील. पण बरीच.’

‘हा तीन आणि उणे पाच म्हणाला, ते बरोबर?’

‘हो.’

‘मग तुझं तोंड असं का?’

‘सर, उत्तरपत्रिकाच नाही. सहाशे चाळीस समीकरणं आहेत. झेरॉक्सवाल्याकडे गुरुवारची फाईल राहिली असेल, पण तो आज बंद आहे.’

‘फोटो काढून एआयला विचारू या का?’ सेक्रेटरी काका म्हणाले. त्यांनी खरंच फोन काढला होता.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून अंगणाकडे. मुलं पिंपातून पाणी पीत होती आणि अजून भांडत होती, कुणाचा पेपर सोपा होता यावर.

‘उत्तर बरोबर आहे का, हे बघायला उत्तरपत्रिका कशाला लागते?’ ते म्हणाले. ‘आता तू काय केलंस? घालून बघितलंस. त्यांना पण येते घालून बघायला. बोलव सगळ्यांना.’

मुलं परत बसली आणि पेपर ज्याचे त्याला मिळाले. सरांनी मला उभं केलं. ‘तू सांग. तुझी मशीन आहे.’ हॉलमध्ये चौसष्ट मुलं आणि दारात तितकेच पालक. मी सांगितलं की उत्तरांची पानं माझ्या चुकीने दुसरीच छापली गेली आहेत. त्यामुळे प्रत्येकाने आपला पेपर मागच्या ओळीतल्याला द्यायचा, शेवटच्या ओळीने पहिलीला. मागच्याने उत्तर समीकरणात घालायचं, शून्य येतं का बघायचं, तो हिशोब शेजारी मांडायचा आणि खाली सही करायची. हिशोब खोटा असेल तर सही करणाऱ्याचे मार्क जातील. हे शेवटचं वाक्य सरांनी शिकवलेलं नव्हतं, ते माझं होतं.

‘म्हणजे आता दुसऱ्याचा पेपर बघायचा?’ मघाची दुसऱ्या ओळीतली मुलगी.

‘हो.’

‘ऑफिशियली?’

‘हो.’

नंतर जे झालं त्याला परीक्षा म्हणता येणार नाही. मुलं पोटावर आडवी झाली, गुडघ्यांवर उठली, एकमेकांच्या अंगावर वाकली. ‘अरे, मायनसचा स्क्वेअर प्लस येतो, परत कर.’ ‘अक्का, हिनं एकच उत्तर लिहिलंय, दुसरं मी काढून देऊ?’ ‘नको.’ ‘माझ्या शून्यात दोन कमी पडतात हो.’ ‘कुणी काढलं हे? अक्षर बघ, कोंबडीचे पाय.’ ‘तुझं काय सुंदर आहे?’ ज्याचं शून्य येई तो ओरडत होता, जणू ते त्यानेच लावलं. एका लहानखुऱ्या मुलाने पेपर तपासून थेट त्याच्या मालकाकडे नेला आणि त्याला समोर बसवून सातवा प्रश्न समजावला, कन्नडमध्ये, बोटं नाचवत. मालक त्याच्याहून दोन यत्तांनी मोठा होता आणि निमूट ऐकत होता.

मी ओळींमधून फिरत होते. कुणी हाक मारली की वाकत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी गेली वीस मिनिटं सलग बोलते आहे. माझं डोकं हलकं झालं होतं. चूक एवढी मोठी होती की तिची लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

सेक्रेटरी काका हात मागे बांधून बघत होते. त्यांच्या मुलीने त्यांना बोलावलं. तिच्याकडे आलेला पेपर आठवीतल्या कुणाचा तरी होता. उणे आठ बसत नव्हतं. ‘बाबा, बघा ना, माझं चुकतंय की याचं.’

काका वाकले. मग एक गुडघा टेकला. मग बूट काढून जमखान्यावर बसले आणि मुलीकडून पेन घेतलं. चौसष्ट, मग काहीतरी, मग उणे.

‘चुकलंय याचं,’ त्यांनी निकाल दिला.

‘बाबा, मायनस आणि मायनस.’

‘हो हो.’ त्यांनी खोडलं. पुन्हा मांडलं. शून्य आलं. त्यांनी ते शून्य जरा वेळ पाहिलं आणि त्याच्याभोवती एक गोल काढला, जसं बहुतेक कधीतरी शाळेत काढत असतील. मग शेजारच्या ओळीतल्या मुलाला म्हणाले, ‘तुझं काय अडलंय? दाखव.’

दारातल्या पालकांपैकी दोघी आत आल्या आणि आपापल्या मुलांमागे बसल्या. एक बाई माझ्याकडे आल्या. मी तक्रारीला तयार झाले. त्या म्हणाल्या, ‘आणखी पेपर आहे का असा? माझ्या धाकट्याला पण हवाय, तो सहावीत आहे, पण नुसता बसून रडतोय.’ जादा छापलेले सहा पेपर होते. मी एक दिला.

निकाल लागायला दोन वाजले. बिसीबेळेभात गार झाला होता. सर आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने प्रत्येक पेपरवरचे दोन-तीन हिशोब नमुन्याला तपासले. दोन सह्या खोट्या निघाल्या, सही करणाऱ्यांचे मार्क कापले. पहिला डबा सरांच्या आवडत्याला नाही मिळाला. तो आमच्या गल्लीतल्या एका मुलीला मिळाला, जिला मी रोज बसस्टॉपवर बघते आणि कधी बोलले नव्हते.

जेवताना सेक्रेटरी काका सरांच्या पंगतीत येऊन बसले. त्यांच्या पॅंटच्या गुडघ्यांना जमखान्याचे धागे चिकटले होते.

‘सर, पुढच्या वर्षी अकराऐवजी साडेदहाला सुरू करता येईल का? दुसरा भाग मोठा होतो.’

सरांनी भाताचा घास घेतला. ‘शिबिर आहे ना तुमचं रविवारी?’

‘ते शनिवारी घेऊ,’ काका म्हणाले, आणि लोणच्याकडे वळले.

सरांनी काही दाखवलं नाही. फक्त वाढणाऱ्याने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी बंद केलेलं श्रीखंड दोनदा घेतलं. काकूंनी ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

हात धुऊन झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. मला सांगायचं होतं की यावर उपाय आहे. फाईलीच्या सुरुवातीला एक ठरलेला आकडा लिहून ठेवला की यंत्र दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने उचलतं, कितीही वेळा चालवलं तरी. एकच ओळ. ती मी आधीच लिहायला हवी होती. पुढच्या वर्षी उत्तरं शंभर टक्के जुळतील.

‘उत्तरं बेडा,’ सर म्हणाले.

‘सर?’

‘उत्तराचं पान काढून टाक. नुसते प्रश्न छाप. आज बघितलंस ना.’

‘नाही सर,’ मी म्हटलं. ‘उत्तरं राहतील.’

त्यांनी मान तिरकी केली.

‘तुम्ही आज दोन-तीनच हिशोब तपासलेत प्रत्येकाचे. बाकीचे तसेच गेले. एखाद्याचं बरोबर असूनही मागच्याने घालवलं असेल. मुलं तपासू देत, पण नंतर आपण ताडून बघायचं. आणि दशांश चिन्हाची उत्तरं कधी द्यायची झाली तर? तेव्हा घालून बघताना नेमकं शून्य येत नाही.’

‘दशांश कशाला देशील? गुळगुळीत पाहिजे म्हणून सांगितलं की मी.’

‘दहावीला एक तरी द्यायला हवं, सर. त्यांना बोर्डाला येतं.’

‘बोर्डाला काय पण येते.’

‘म्हणूनच.’

आम्ही दारात उभे होतो आणि लोक आमच्या दोन्ही बाजूंनी चपला शोधत होते. आई लांबून खुणावत होती, चल. मी तिला हाताने थांब म्हटलं. सरांनी खिशातून पेन काढलं, जेवणाच्या पत्रिकेची कोरी बाजू भिंतीला लावून धरली आणि म्हणाले, ‘सरी. लिहून दाखव कसलं दशांश म्हणतेस ते. पण आधी उत्तर ठरव.’